सागवानी कपाट आणि श्रावकाचे घर

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव रेणुकामातेच्या मंदिरामुळे आणि हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. या परिसराची व्यापारी परंपरा आजकालची नव्हे. तालुक्याचे ठिकाण असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आढळतो. उज्जैन-पैठण मार्गावरील या नगरीच्या उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा अवशेषही मिळाला आहे. हस्तिदंताचा व्यापार श्रावकाला वर्ज्य सांगितला आहे हे खरे. पण या मातीत व्यापार किती खोल मुरलेला आहे, हे त्यावरून कळून येते.

अशा गावांतील जुन्या व्यापारी घराण्यांच्या वाड्यांत आजही काही वस्तू हमखास आढळतात. पेढीवरील मुनीमजींचे उतरते मेज, गल्ल्याची पेटी, आजेसासूबाईंच्या लग्नात आलेला पलंग, बैठकीतील झोपाळा, आरसा बसवलेले दोन दारांचे सागवानी कपाट आणि देवघर किंवा घरदेरासर. माळवदाची घरे पाडून सिमेंटची घरे उभी राहू लागली, तशी ही सामग्री दारात येऊन पडली. जुने लाकूड घेणारा व्यापारी येतो, कपाट उघडूनही पाहत नाही, लांबी-रुंदी मोजून घनफुटाचा भाव सांगतो, आणि तीन पिढ्यांचे सामान टेम्पोत चढते. त्याच्या जागी येते ते भुशाच्या दाबलेल्या फळीचे, वर छापील कागद चिकटवलेले कपाट. फरशी पुसताना पाणी खाली शिरले की त्याचा तळ फुगतो आणि एकदा फुगलेली ती फळी पुन्हा पूर्ववत होत नाही.

व्यापाऱ्याला हिशेबाची भाषा अधिक पटते, म्हणून तोच हिशेब पाहावा. आयकराच्या नियमांनुसार फर्निचरवर घटत्या शिल्लक पद्धतीने दरसाल 10 टक्के घसारा धरला जातो. 10,000 रुपयांना घेतलेल्या कपाटाची किंमत या रीतीने 30 वर्षांनंतर वहीत केवळ 424 रुपये उरते. वहीचे हे म्हणणे लोखंडी खुर्चीला किंवा प्लायवूडच्या मेजाला बहुधा लागू पडते. सागवानाच्या बाबतीत मात्र वही आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नाही. कार्ल्याच्या लेण्यातील चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत. त्यांना सुमारे दोन हजार वर्षे झाली असूनही त्या जागेवर आहेत. त्यांना ना पावसाचा मार बसला, ना उन्हाचा, ना जमिनीच्या ओलीचा. पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरीचा सागवानी कोरीव घुमट 1916 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेला आणि आजही तो तेथे अखंड पाहायला मिळतो. आपल्या पूर्वजांनी कोरलेले लाकूड सातासमुद्रापलीकडे जपले जावे आणि आपल्या घरातले मात्र घनफुटाने विकले जावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

लाखेचा प्रश्न

जुन्या सागवानी किंवा शिसवी सामानावर जी मऊ, किंचित तांबूस चमक दिसते ती बहुतेक वेळा चपड्याच्या पॉलिशची असते. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. ही लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर वाढणारे सूक्ष्म कीटक आपल्या अंगातून स्रवतात. ते त्याच आवरणाखाली जगतात. फांदी तोडून लाख खरवडली जाते तेव्हा असंख्य जीवांचा घात होतो. रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, इतके या पदार्थाचे महत्त्व होते. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्या, बांगड्या लाखेच्या, बँकांच्या रोकड थैल्यांवरील मोहोरही लाखेचीच.

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतप्रसंगी जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत लाक्षावाणिज्याचा स्पष्ट समावेश आहे. व्यापार वर्ज्य असला तरी वापराचे काय, हा प्रश्न अनेक घरांत निघतो आणि बहुधा अनुत्तरित राहतो. कित्येकांना तर आपल्या देवघरावरील चमक कीटकजन्य आहे हे ठाऊकच नसते. अंतिम निर्णय ज्याने त्याने आपल्या व्रतमर्यादेनुसार आणि गुरुजनांना विचारूनच घ्यावा. पण व्यवहाराच्या दृष्टीने एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. जे पॉलिश पन्नास वर्षांपूर्वी लागले ते खरवडून काढल्याने त्या जीवांचे काही परत येत नाही. उलट खरवडणे, घासणे, नवा रंग आणणे असा नवा आरंभ मात्र उभा राहतो. म्हणून जुने पॉलिश शाबूत असेल तर ते जपणे हाच अधिक निर्दोष मार्ग दिसतो. नवे काम करताना मात्र चपडा टाळणे सहज शक्य आहे.

लाखेला पर्याय नाही, अशी काही कारागिरांची समजूत असते. ती बरोबर नाही. जवसाचे तेल हा लाकडासाठी फार जुना आणि पूर्णतः वनस्पतिजन्य लेप आहे. श्वेतांबर मुनींच्या काष्ठपात्रांना रोगणाचे पातळ हात दिले जातात, तेही तेलापासूनच तयार होते. मेणाचे पॉलिश हवे असेल तर डब्यावरील घटक वाचावेत. पुष्कळ तयार मेणांत मधमाश्यांचे मेण असते, आणि मध वर्ज्य मानणाऱ्या घरात ते नकळत येते. त्याऐवजी कार्नोबा नावाचे, ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरून मिळणारे कठीण मेण असलेले पॉलिश मिळते. मेलामाइन, पॉलियुरेथेन हे कृत्रिम लेप कीटकजन्य नाहीत आणि पाणी-उष्णता चांगली सोसतात. परंतु ते लाकडावर काचेसारखे बसतात आणि एकदा ओरखडा आला की त्या जागेपुरती दुरुस्ती अवघड होते. जेवणाच्या मेजाला ते उपयोगी. नक्षीच्या देवघराला शोभत नाहीत. सांधे जोडण्यासाठी पूर्वी वापरला जाणारा सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनत असे. 1959 साली बाजारात आलेल्या फेविकॉलसारख्या कृत्रिम गोंदाने निदान तो प्रश्न तरी मिटवला आहे.

आपल्या सामानावर कोणता लेप आहे हे ओळखणे कठीण नाही. कपाटाच्या मागील बाजूस, सहज न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावावा. पृष्ठभाग चिकट झाला तर तो चपडा. स्पिरिटने काही न होता थिनरने विरघळला तर तो नायट्रोसेल्युलोजचा, ज्याला बाजारात नुसते लॅकर म्हणतात आणि ज्यात नावाप्रमाणे लाख असेलच असे नाही. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन समजावे. ही परीक्षा केल्याशिवाय कोणतेही नवे द्रव्य लावू नये.

मराठवाड्याचे हवामान

लाकूड तोडल्यानंतरही हवेतील ओल शोषत आणि सोडत राहते. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, आडव्या बाजूने मात्र फुगते आणि आकसते. वैशाखात पारा चाळीस अंशांवर आणि हवा कोरडी ठणठणीत, तर श्रावणात भिंतीही ओलसर, हा मराठवाड्याचा क्रम लाकडाला दरवर्षी सोसावा लागतो. म्हणूनच जुने सुतार दारातील दिलहे चौकटीच्या खाचेत मोकळे ठेवीत, त्यांना खिळा मारीत नसत. आज एखादा घाईचा मिस्त्री तोच दिलहा खिळ्यांनी जखडतो आणि पुढच्या उन्हाळ्यात फळी मधोमध तडकते. दोष लाकडाला दिला जातो.

श्रावणात कपाटाचा खण अडकू लागला की तो रंध्याने तासण्याची घाई होते. हे करू नये. दिवाळीनंतर तो आपोआप मोकळा होतो, आणि तासलेला असेल तर पुढे वर्षभर खडखडत राहतो. पावसाळ्यात खणाच्या कडांना साध्या पॅराफिनच्या मेणबत्तीचा तुकडा घासला की काम भागते.

अलीकडे आणखी एक संकट घरोघरी आले आहे, ते म्हणजे पाण्याचा कूलर. भर मे महिन्यात कपाटाच्या एका बाजूवर ओल्या हवेचा झोत आणि दुसऱ्या बाजूवर तापलेली भिंत, अशा अवस्थेत कोणतेही लाकूड वाकडे होईल. कूलरचे तोंड सामानावर नसावे, खिडकीतील ऊन सरळ त्यावर पडू नये आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असावे, इतके पाळले तरी निम्मी दुरुस्ती टळते.

ही चार बोटे श्रावकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत. पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या मागे बुरशी धरते. बुरशीत अनंत जीवांचे अस्तित्व मानणाऱ्या घरात ती धरल्यानंतर पुसणे हा काही उपाय झाला नाही. ती धरूच न देणे, जीवोत्पत्तीला वाव न ठेवणे, हीच खरी यतना. मागून वारा खेळता राहिला, ओले कपडे वा छत्र्या आत ठेवल्या नाहीत आणि उघडीप पडेल त्या दिवशी कपाटाची दारे तासभर उघडी ठेवली, की बुरशीला सहसा संधी मिळत नाही.

कीड आणि वाळवी

लाकडाला कीड लागली की कोणी इंजेक्शनने विषारी द्रव भरतो, कोणी रॉकेल ओततो. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबासाठी ही मोठी कुचंबणा असते. सुदैवाने या किडीचा जीवनक्रम समजून घेतला तर बराचसा मार्ग निघतो. पिठासारखा बारीक भुसा पाडणारा भुंगेरा सागाच्या लालसर-तपकिरी गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. गाभ्यातील नैसर्गिक द्रव्ये त्याला आणि वाळवीलाही रुचत नाहीत. त्याला हवे असते ते सालीलगतचे फिकट, पिष्टमय लाकूड. आणि त्याची मादी अंडी घालते ती उघड्या लाकडाच्या छिद्रांत. लेपाने बंद झालेल्या पृष्ठभागात नव्हे.

येथेच आपल्याकडील पॉलिशकामातील मोठी उणीव दिसते. पुढची बाजू आरशासारखी चमकते, पण पाठ, तळ, खणांचा आतला भाग आणि पायांची टोके कोरीच राहतात. कारागीर दिसणाऱ्या भागाचे पैसे घेतो आणि घरमालकही तेवढेच पाहतो. वास्तविक सहाही बाजूंना, निदान जवसाच्या तेलाचे किंवा वॉर्निशचे दोन हात दिले, तर कीड लागण्याचे मूळ कारणच उरत नाही आणि लाकडाची ओल घेण्याची गतीही मंदावते. एवढ्या अल्प खर्चात एवढी हिंसा टाळणारा दुसरा उपाय घरातील सामानासाठी सांगता येणार नाही. नवे सामान करवून घेतानाच सुतारास गाभ्याचे, नीट वाळवलेले लाकूड घेण्यास सांगावे आणि फिकट पट्टा दिसेल ती फळी परत करावी.

कीड आधीच लागलेली असेल तर ती वस्तू इतर लाकडापासून दूर, पडवीत ठेवावी आणि कोऱ्या बाजू लेपाने बंद कराव्यात. आतील अळ्या आपला काळ पूर्ण करून, साधारण वर्षभरात, लेप भेदूनही बाहेर पडतात. त्यांना पुन्हा अंडी घालायला जागा मिळाली नाही की साखळी आपोआप तुटते. त्यांनी सोडलेली छिद्रे नंतर मेणाने भरावीत. यास धीर लागतो, आणि घराचा आधार असलेली तुळई पोखरली जात असेल तर एवढा धीर धरणे शक्य नसते, हेही मान्य केले पाहिजे. कपाट-पलंगाच्या बाबतीत मात्र तो धरता येतो.

वाळवीचे गणित वेगळे आहे. ती जमिनीतून मातीची नळी बांधत येते. सामानाचे पाय मातीच्या किंवा ओलसर जमिनीवर थेट न टेकवता दगडी वा पितळी वाट्यांवर ठेवण्याची जुनी पद्धत त्यासाठीच होती. वाट्यांत पाणी घालण्याची प्रथाही काही घरांत आहे. परंतु त्यात मुंग्या-डास पडून मरतात, म्हणून कोरड्या वाट्याच बऱ्या.

नित्याची निगा

रोजची निगा मोजकी असावी. पेढीवर धान्याची, मिरचीची आणि रस्त्याची धूळ सतत बसते. या धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात. कोरड्या फडक्याने जोर लावून पुसले की तेच कण पॉलिशवर ओरखडे काढतात. आधी मऊ पुंजणीने हलकेच धूळ सारावी. यात मुंगी-कोळी यांनाही सरकायला अवसर मिळतो. मग गाळलेल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले सुती फडके लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. एवढेच पुरेसे आहे.

सणासुदीला लाकडाला खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल चोळण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. ती सोडावी हे उत्तम. ही तेले कधी वाळत नाहीत. लाकूड दोन दिवस चमकते, मग त्यावर धुळीचा थर चिकटतो, वास येतो आणि मुंग्यांची रांग लागते. मग त्या मुंग्यांना कोण आवरणार? जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून ते चालते. तेही अगदी पातळ लावून पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसून काढावे. या तेलाविषयी एक गंभीर सावधगिरी आहे. ज्या चिंध्यांनी ते पुसले त्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने त्या आपोआप पेट घेऊ शकतात. कापूस, बारदान आणि कागदाने भरलेल्या दुकानात हे अनर्थकारक ठरेल. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळू द्याव्यात किंवा पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात.

फवाऱ्याच्या डब्यांतील चमक आणणारी द्रव्ये बाजारात खूप खपतात. त्यांतील पुष्कळांत सिलिकोन असते. ते लाकडाच्या छिद्रांत उतरले की पुढे कधी नवे पॉलिश नीट बसत नाही, ठिकठिकाणी डोळे पडतात. वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात देऊन मऊ कापडाने घोटणे हे त्याहून स्वस्तही आणि टिकाऊही.

चहाचा पेला ठेवल्याने उमटलेला पांढरा डाग म्हणजे लेपात अडकलेली ओल असते, लाकूड खराब झालेले नसते. काही दिवस कोरड्या हवेत तो पुष्कळदा आपोआप फिका होतो. काळा डाग मात्र गंभीर. तेथे पाणी लाकडापर्यंत पोहोचले आहे, किंवा लोखंडी खिळ्याचा लाकडातील तुरट द्रव्यांशी संयोग झाला आहे. तो ऑक्झॅलिक आम्लाने काढतात. ते विषारी असल्याने ते काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी असावेत, या जुन्या आग्रहामागे हेच कारण होते.

घरदेरासराची निगा थोडी निराळी. प्रक्षालाचे पाणी, केशर-चंदनाचे ओघळ, वासक्षेपाची पूड आणि दिव्याची काजळी हे चारही लाकडाचे शत्रू. पाणी झेलण्यासाठी पितळी ताट असावे आणि दिवा कोरीव कमानीपासून हातभर दूर. चांदीचा पत्रा मढवलेला असेल तर त्याच्या सांध्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पत्र्याखाली गेलेले पाणी बाहेरून दिसत नाही आणि आत लाकूड कुजत राहते. स्थानकातील पाट-पाटल्यांबाबतही श्रावकसंघाने वर्षातून एकदा पाहणी करावी. साधु-साध्वी आपल्या पीठ-फलकांचे प्रतिलेखन करतात. भेगा आणि निघालेले खिळे असलेल्या पाटाचे ते नीट होऊ शकत नाही. भेगा भरून, कडा गुळगुळीत करून पाट वहोरावयास ठेवणे हे श्रावकाचे काम आहे.

हे सारे कधी करावे, याचे उत्तर पंचांगातच आहे. पावसाळी हवेत पॉलिश केले तर ओल आत अडकून ते दुधाळ होते. म्हणून पॉलिशचे काम आषाढी चौमासीपूर्वी आटोपावे किंवा कार्तिकी पौर्णिमेनंतर हाती घ्यावे. चातुर्मासात लाकूडकाम, रंगकाम यांसारखे आरंभ टाळण्याची आपल्या घरांतील रीत आणि कारागिराचे शास्त्र येथे एकमेकांशी पूर्ण जुळतात.

हाताने पॉलिश करणारे जुने कारागीर आता गावोगाव राहिलेले नाहीत. जो कोणी मिळेल त्याला बोलावताना काम अंगावर न देता रोजंदारीवर द्यावे, कारण अंगावर घेतलेल्या कामात पाठ आणि तळ हमखास कोरे राहतात. कपाट भिंतीपासून ओढून, आडवे करून, आधी त्या बाजूंचे हात पूर्ण होऊ द्यावेत. दर्शनी दारांना त्यानंतरच हात लावू द्यावा.